ट्रेकला गाणी कशावर ऐकायची? (एपिसोडचं लिखित रूप)

ज्यांना कानाला इयरफोन लावायला वेळ नाही, किंवा ऐकून झालंय पण आकडे पुन्हा बघायचेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' कमी केलेत. बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय तुमच्यातल्याच काही जणांनी विचारलेला आहे. प्रश्न साधारण असा: "आम्ही चार-पाच जण पाचगणीच्या बाजूला चार दिवसांचा ट्रेक करतोय. रायरेश्वर, केंजळगड, कमळगड आणि मग जोरवरून महाबळेश्वर. गाणी ऐकायला वेगळा म्युझिक प्लेअर घ्यावा का? घेतला तर कुठला?"

उत्तर आधी सांगून टाकतो, मग कारणं बघू. हो, गाणी वेगळ्या यंत्रावर ठेवा. ते यंत्र स्वस्त, बटणांचं, मेमरी कार्डवालं आणि वायरच्या इयरफोनचं असावं. आवाजाची क्वालिटी हा मुद्दा इथे नंतर येतो. पहिला मुद्दा हा की रानात तुमच्या फोनची बॅटरी ही करमणुकीची वस्तू उरत नाही. ती मदत मागण्याची वस्तू होते. गाणी आणि मदत, दोन्ही एकाच बॅटरीवर टाकायची नाहीत. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर उभा आहे.

फोन आहे की! मग वेगळं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर नुसती गाणी वाजवायला फोनला फार बॅटरी लागत नाही. स्क्रीन बंद, गाणी फोनमध्येच उतरवलेली, एअरप्लेन मोड चालू, वायरचा इयरफोन, असं असेल तर फोन कितीतरी तास गातो.

पण ट्रेकला आपण असं वागतो का? गाणं बदलायला फोन खिशातून काढतो. काढलाच आहे तर वेळ बघतो. मग एक फोटो. मग "रेंज आली का रे?" म्हणून एअरप्लेन मोड काढतो. मग स्टेटस टाकायचा प्रयत्न. ते जात नाही, फोन पुन्हा पुन्हा धडपडतो, आणि आपण तो तसाच खिशात टाकून चालू लागतो.

खरी बॅटरी इथे जाते. फोन टॉवरपासून लांब असला की त्याला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो. रेंज अजिबात नसली की तो सारखा टॉवर शोधत राहतो. सह्याद्रीत हे दिवसभर चालतं, कारण इथली जमीनच तशी आहे. महाबळेश्वरकडे जाताना पाचगणीच्या पारसी पॉइंटवर उभं राहून बघा. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, पलीकडे कमळगड. सोंडेवर आलात की रेंज, खोऱ्यात उतरलात की गायब, पुन्हा खिंडीत चढलात की एखादी काडी. दिवसातून पाच-सहा वेळा हा खेळ होतो आणि प्रत्येक वेळी बॅटरी खर्च होते.

आता दुसरी बाजू बघा. धुक्यात वाट चुकली तर ऑफलाइन नकाशा फोनवर. जीपीएसला रेंज लागत नाही, पण बॅटरी लागते. अंधार पडला आणि हेडटॉर्च बिघडला तर टॉर्च फोनवर. कुणाचा पाय मुरगळला, घसाऱ्यावरून कुणी घसरलं, तर ११२ ला फोन लावायचा तोही यावरूनच. ११२ हा देशभरातला एकच आपत्कालीन नंबर आहे. तुमच्या सिमच्या कंपनीला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर त्यावरून हा कॉल जाऊ शकतो. पण फोनच बंद असेल तर टॉवर काय करणार?

महाबळेश्वर-पाचगणी भागात महाबळेश्वर ट्रेकर्स, सह्याद्री ट्रेकर्स यांसारख्या टीम आहेत. दोर लावून दरीत उतरून माणसं वर काढणारी ही स्थानिक मंडळी. पण त्यांच्यापर्यंत निरोप तर पोहोचला पाहिजे! "आम्ही नक्की कुठे आहोत" हे सांगता आलं पाहिजे. तेवढी पाच मिनिटांची बॅटरी चौथ्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे उरलेली असणं, हा खरा मुद्दा आहे.

आधी हिशोब: लागतात किती तास?

दुकानात जाण्याआधी कागदावर एवढं लिहा.

सलग आठ तास चालताना कुणी आठ तास गाणी ऐकत नाही. ऐकूही नयेत, ते पुढे सांगतो. दिवसाला तीन तास धरू. मुक्कामावर जेवण करताना, झोपण्याआधी, आणि मधल्या सपाट, मोकळ्या वाटेवर. चार दिवसांचे झाले १२ तास. जातानाची-येतानाची एसटी मिळून आणखी चार तास. एकूण १६.

आता खोक्यावर '१८ तास' लिहिलेलं असतं. ते मध्यम आवाजावर, स्क्रीन बंद ठेवून, नवीन बॅटरीवर, कंपनीच्या टेबलावर मोजलेलं असतं. आपण त्याचे दोन-तृतीयांश धरायचे. म्हणजे १२ तास. आपल्याला हवेत १६. याचा अर्थ मध्ये एकदा चार्ज करावं लागणार. ठीकाय, त्यासाठी पॉवर बँक असतेच.

आणि इथेच छोट्या प्लेअरची गंमत आहे. १०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली तरी आतली सगळी वीज बाहेर येत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो. बाहेर ५ व्होल्ट करून द्यायचे, त्यात काही वीज उष्णतेत जाते. हाताशी साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच उरतात असं धरा. ५,००० एमएएचचा स्मार्टफोन यात एकदा पूर्ण भरतो, वर थोडं शिल्लक. पण छोट्या क्लिपवाल्या प्लेअरची बॅटरी असते ३०० एमएएचच्या आसपास. तो या एकाच पॉवर बँकेवर जवळजवळ वीस वेळा भरेल! म्हणजे त्याला ट्रेकमध्ये एकदा-दोनदा चार्ज केलं तरी पॉवर बँकेला कळतसुद्धा नाही. फोनसाठीचा साठा तसाच राहतो.

काय काय मिळतं? एकेक बघू

१. क्लिपवाला एमपी३ प्लेअर. काड्यापेटीएवढा, शर्टाला किंवा सॅकच्या पट्ट्याला अडकवता येतो. वजन नगण्य. सॅनडिस्कच्या 'क्लिप' मालिकेतले प्लेअर यात बरीच वर्षं चाललेत. क्लिप जॅमला कंपनी १८ तासांपर्यंत सांगते, क्लिप स्पोर्टला २५ तासांपर्यंत. आपला दोन-तृतीयांशाचा नियम लावा, तरी पुरेसं आहे. बटणं असल्यामुळे खिशात हात घालून, न बघता गाणं बदलता येतं. तोटा असा की आपल्याकडच्या दुकानात चांगला मिळेलच असं नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या प्लेअरवर लिहिलेले तास फार मनावर घेऊ नका.

२. बटणांचा साधा फोन. माझं मत विचाराल तर बहुतेकांसाठी हाच. हसू नका! साधारण दीड-दोन हजारांत येतो. मेमरी कार्डची जागा, एफएम रेडिओ, इयरफोनचा जॅक, टॉर्च, सगळं त्यात असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी काढता येते, म्हणजे जास्तीची एक बॅटरी पाकिटात ठेवा आणि चार्जरचा विषयच संपवा. शिवाय तो फोनही आहे. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे एकाच कंपनीचं सिम असेल, तर यात मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं घाला. गाणी ऐकायला घेतलेली वस्तू अडचणीत दुसरा फोन म्हणून उभी राहते. घेताना एक बघा: जिओचं सिम जुन्या टूजी फोनमध्ये चालत नाही. त्यासाठी फोरजीवाला साधा फोन लागतो.

३. घरातला जुना स्मार्टफोन. ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तर फुकटात काम होतं. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, नको ती ॲप उडवा. पण आधी बॅटरीची परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा. सकाळी निम्मा उतरला असेल तर तो सोबती नाही, ओझं आहे. आणि मागचं झाकण जरासुद्धा फुगलेलं दिसलं, तर तो सॅकमध्ये अजिबात घालू नका. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते.

४. महागडा हाय-रेझ प्लेअर. पंधरा-वीस हजारांपासून पुढे. घरी शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर याचा फरक कळतो. वारा, पावलांचा आवाज, कारवीतली सळसळ यांच्यात तो फरक ऐकू येत नाही. बॅटरीही बहुतेकांची लवकर उतरते, कारण आतला ॲम्प्लिफायर मोठा असतो. घरी ठेवा.

५. कारवान. सारेगामाचा २०१७ मध्ये आलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आधीच गाणी भरलेला. आजी-आजोबांच्या खोलीत एकदम राजा! मराठी गाण्यांचाही मिळतो. पण एका चार्जमध्ये साधारण पाच तास, आणि आकार डब्याएवढा. ट्रेकसाठी नाही.

६. ब्लूटूथ स्पीकर. याच्यावर वेगळा भाग आहे. थांबा जरा.

दुकानात उभं राहून काय तपासायचं?

- बटणं खरी आहेत का? ओल्या बोटाने टचस्क्रीन ऐकत नाही. पावसाचा थेंब पडला की आपोआप भलतंच काहीतरी दाबलं जातं.
- बटणं लॉक होतात का? नाहीतर सॅकमध्ये दाबली जाऊन प्लेअर रात्रभर एकटाच गात बसेल.
- ३.५ एमएमचा जॅक आहे का?
- चार्जिंगचं पिन कुठलं? तुमच्या फोनचंच, म्हणजे यूएसबी-सी असेल तर उत्तम. साध्या फोनला अजून बऱ्याचदा मायक्रो यूएसबी असतं, मग त्याची वीतभर केबल वेगळी घ्या. फक्त त्याच कंपनीची केबल लागणारं यंत्र घेऊ नका. ती हरवली की संपलं.
- मेमरी कार्ड किती जीबीपर्यंत चालतं? स्वस्त यंत्रांना बऱ्याचदा ३२ जीबीची मर्यादा असते. त्यापेक्षा मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात, ती यांना वाचताच येत नाहीत.

३२ जीबी पुरतं का? आणि गाणी आणायची कुठून?

पुरून उरतं. १२८ केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी घेतो, म्हणजे तासाला ५८ एमबीच्या आसपास. ३२ जीबीत ५०० तासांपेक्षा जास्त गाणी बसतात. एकदम चांगल्या प्रतीचा, म्हणजे ३२० केबीपीएसचा घेतला तरी २०० तास. आपल्याला हवेत १६! पॉडकास्ट तर ६४ केबीपीएसलाही छान ऐकू येतो. त्याला तासाला ३० एमबीसुद्धा लागत नाहीत.

खरी अडचण जागेची नाही, कुलपाची आहे. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिकवर 'डाउनलोड' दाबलं की गाणं फोनमध्ये येतं खरं, पण ते त्या ॲपच्या कुलपात राहतं. ती फाइल उचलून कार्डावर टाकली तर प्लेअरला ती वाजवता येत नाही. स्पॉटिफायवर तर डाउनलोड चालू राहायला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. म्हणून वेगळ्या प्लेअरसाठी फाइल आपल्या मालकीची हवी. विकत घेऊन डाउनलोड केलेली गाणी, घरातल्या जुन्या सीडीवरून उतरवलेली गाणी, आणि पॉडकास्ट. बरेच पॉडकास्ट साध्या एमपी३ फाइलमध्येच येतात आणि ते उतरवून घेता येतात.

आपल्याकडे पूर्वी गावोगावच्या मोबाइलच्या दुकानावर पाटी असायची, 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील'. पन्नास रुपयांत भजनं, लावण्या, सिनेमाची गाणी सगळं एका कार्डात! सोय मोठी होती. पण ती गाणी परवानगीशिवायची, आणि कार्डाबरोबर व्हायरसही फुकट. तो रस्ता नको.

भरताना दोन युक्त्या. एक, स्वस्त प्लेअरच्या स्क्रीनवर देवनागरी नावं बहुतेक वेळा चौकोन चौकोन दिसतात. म्हणून फोल्डरला नावांऐवजी नुसते आकडे द्या: पहिला दिवस, दुसरा दिवस, झोपताना, एसटीत, यांना एक-दोन-तीन-चार. दोन, असे प्लेअर फाइल ज्या क्रमाने कार्डावर टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात. सगळं एकदम ओढून टाकू नका, एकेक फोल्डर क्रमाने टाका. आणि निघायच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी भरून घरी ऐकून बघा.

रेडिओबद्दल एक. एफएम असेल तर इयरफोनची वायर हीच त्याची अँटेना असते. वायर न लावता रेडिओ चालत नाही म्हणून यंत्र बिघडलंय असं समजू नका. उंच पठारावर स्टेशनं बरीच लागतात, खोऱ्यात उतरलं की नुसती खरखर.

वायर की ब्लूटूथ?

वायर. ब्लूटूथचे इयरबड एका दमात पाच-सहा तास चालतात, मग त्यांच्या डबीत ठेवायचे. डबी संपली की डबी चार्ज करायची. म्हणजे सांभाळायला तीन बॅटऱ्या: प्लेअर, बड, डबी. शिवाय कारवीच्या जाळीत एक बड पडला की तो सह्याद्रीला अर्पण! वायरच्या इयरफोनला बॅटरीच नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा येतो. दोन घ्या, एक सॅकच्या तळाशी ठेवा.

आवाजाचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलपर्यंत ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. वारा जोरात असला की आपण नकळत आवाज वाढवतो. शेजारी चालणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. एवढी साधी खूण पुरे.

कुठे ऐकायचं नाही

आता हा भाग नीट वाचा.

एकच कान. चालताना इयरफोन लावायचाच असेल तर एकाच कानात, आणि तेही मोकळ्या, सपाट, मळलेल्या वाटेवर. घसाऱ्याची उतरण, अरुंद कडा, ओढा ओलांडणं, कातळातल्या पायऱ्या, इथे दोन्ही कान मोकळे. मागच्याने ओरडलेलं "दगड!" तुम्हाला ऐकू आलं पाहिजे. त्या एका शब्दासाठी तुमच्याकडे दोन सेकंद असतात. गाडीरस्त्यावरून चालत असाल, पसरणी घाटात किंवा महाबळेश्वर रस्त्याला, तर अजिबात नको. वळणावरची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

जंगलात तर कानच पहिले. सातारा-सांगलीच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. गवा किंवा अस्वल मुद्दाम माणसाच्या अंगावर येत नाही. अचानक समोरासमोर आलं की बिथरतं. फांदी मोडल्याचा आवाज, फुरफुर, माकडांची ओरड, हे सगळे तुम्हाला मिळणारे इशारे असतात. कानात गाणं असेल तर ते वाया जातात. कड्याकपारीत आग्यामोहोळ असतात, त्यांची घूंघूंही आधी ऐकू येते.

आणि आता स्पीकर. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची, आणि मग कोयना अभयारण्यातून चढायचं. तिथे ब्लूटूथ स्पीकर लावून चालणारे ग्रुप दिसले की वाईट वाटतं. ते जंगल कुणाचं तरी घर आहे. अभयारण्यात गोंगाट करून प्राण्यांना त्रास देणं नियमातही बसत नाही. कास पठारावरही तेच. गडावर, वाडीतल्या देवळात मुक्काम असेल तरी तेच. ज्यांच्या अंगणात झोपलो आहोत, ती माणसं पहाटे उठून कामाला जाणार असतात. तुमचं गाणं तुमच्या कानात. एवढाच नियम.

पाऊस, धूळ आणि थंडी

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणी तिथून फक्त १८-२० किलोमीटरवर, पण पाऊस बराच कमी. तरी जुलैमध्ये दोन्हीकडे हवा इतकी ओली असते की यंत्र पाण्यात न पडताही भिजतं.

खोक्यावर 'आयपी६७' असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ समजून घ्या. पहिला आकडा धुळीचा: ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा: ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पहिल्या आकड्याच्या जागी 'एक्स' असेल तर धुळीची परीक्षा झालेली नाही. आपल्याकडच्या जांभ्याच्या लाल बारीक मातीत हा फरक महत्त्वाचा आहे.

असं यंत्र नसेल तर झिपची जाड पिशवी पुरते. तिच्यात सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यात येते ती. भिजलंच तर बंद करा, कार्ड आणि बॅटरी काढा, पुसा आणि वाऱ्यावर वाळू द्या. तांदळात पुरून ठेवायचा उपाय ऐकला असेल. त्याने पाणी तितकं ओढलं जात नाही, पीठ मात्र पिनमध्ये जातं. आणि पिन ओलं असताना चार्जिंगला कधीच लावायचं नाही.

पाचगणीच्या थंडीने बॅटरीला फारसं काही होत नाही. पण हाच प्लेअर घेऊन तुम्ही पुढे हिमालयात गेलात, तर शून्याखाली बॅटरी लवकर मान टाकते. रात्री ती झोपायच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा. आणि गोठलेली असताना चार्ज करू नका, त्याने ती कायमची खराब होते. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सामानात टाकायला परवानगी नसते.

सोलर पॅनेलबद्दल विचारलं होतं. सॅकला लटकवलेलं छोटं पॅनेल झाडीखाली आणि ढगाळ हवेत जवळजवळ काहीच देत नाही. तेवढ्या वजनात जास्तीची पॉवर बँक परवडते.

थोडी गंमत

पाचगणी आणि संगीत म्हटलं की एक नाव येतंच. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बुलसारा नावाचा मुलगा १९५५ मध्ये इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. इथेच पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. त्या पोरांच्या खिशात गाणी नव्हती. सोनीचा वॉकमन बाजारात यायला १९७९ उजाडावं लागलं. आयपॉड २००१ मध्ये आला आणि २०२२ मध्ये बंदही झाला. खिशातल्या गाण्यांचा इतिहास एवढा लहान आहे. त्याआधी डोंगरात जाणारी माणसं काय करायची? स्वतः गायची! शेकोटीभोवती तेही करून बघा. त्याला चार्जिंग लागत नाही.

नवीन काहीच घ्यायचं नसेल तर?

बजेट नाही, चालेल. मग फोनवरच ऐका, पण चार नियम पाळा.

१. निघण्याआधी गाणी आणि नकाशा दोन्ही फोनमध्ये उतरवून ठेवा.
२. दिवसभर एअरप्लेन मोड. सकाळी, दुपारी आणि मुक्कामावर, उंच जागी, ठरवून पाच-पाच मिनिटं काढायचा. घरी एसएमएस टाकायचा. कॉल लागत नाही तिथे एसएमएस बऱ्याचदा जातो.
३. बॅटरी ५० टक्क्यांवर आली की गाणी बंद. "अजून एकच गाणं" चालणार नाही.
४. ग्रुपमधला एक फोन पूर्ण बंद करून, चार्ज केलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सॅकमध्ये. त्यावर गाणी नाहीत, फोटो नाहीत, काही नाही. तो फक्त अडचणीसाठी. कोणाच्या सॅकमध्ये आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

चौथा नियम तर वेगळा प्लेअर घेतलात तरी पाळा.

तर मंडळी, प्रश्न विचारणाऱ्या ग्रुपला माझं उत्तर: एक साधा बटणांचा फोन, ३२ जीबीचं कार्ड, वायरचे दोन इयरफोन, जास्तीची एक बॅटरी किंवा छोटी केबल, आणि झिपची पिशवी. सगळं मिळून अडीच-तीन हजारांत बसायला हरकत नाही, आणि पाच जणांत वाटलं तर माणशी पाचशे-सहाशे. कमळगडावर पोचलात की गेरूच्या विहिरीत उतरून बघा. कातळ फोडून केलेली खोल विहीर, आतल्या भिंती लालभडक. तिथे मात्र इयरफोन काढा. आतली शांतता ऐकण्यासारखी असते.

तुमच्याकडे ट्रेकला चाललेलं, वर्षानुवर्षं टिकलेलं एखादं यंत्र असेल तर त्याचं मॉडेल आणि ते खरोखर किती तास चाललं, हे आम्हाला पाठवा. खोक्यावरचा आकडा नको, तुमचा आकडा. पुढच्या एपिसोडमध्ये ते वाचून दाखवू. तोवर चालत राहा, आणि एक कान मोकळा ठेवा!